सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कुणाला जात नाही

रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, चौदाव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. आठवी-नववीच्या मुलांना त्या घरातूनच ऑनलाइन गणित शिकवतात. "भाऊजी, मला सगळ्यांचं ऐकू येतं हो, पण माझं कुणाला ऐकू जात नाही. मुलं म्हणतात, टीचर, तुम्ही रोबोटसारख्या बोलताय. परवा तर म्हणे मी खडू वर धरून पुतळ्यासारखी उभी होते, दोन मिनिटं."

मी राहायला नौपाड्यात, नोकरी ऐरोलीला आणि कामाचा वायफायशी तसा काही संबंध नाही. पण घरात एकदा का तुम्ही कुणाचा प्रिंटर चालू करून दिलात, की पुढची वीस वर्षं तारेचं आणि बिनतारेचं सगळं तुमच्याच नावावर जमा होतं. तर गेलो.

वहिनी ज्या तक्रारीने वैतागल्या होत्या, तिच्यातच अर्ध्याहून जास्त निदान होतं. ऐकू येतं म्हणजे डाउनलोड ठीक आहे. ऐकू जात नाही म्हणजे अपलोड बसलंय. आपण बहुतेक जण दिवसभर नेटवर ऐकत-बघतच असतो, बोलत फारसं नाही. म्हणून अपलोड महिनोन् महिने आजारी असलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मालिका चालते, मॅच चालते, सगळं छान. मग एक दिवस व्हिडिओ कॉलवर मुलाखत असते, किंवा लग्नाचा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायचा असतो, आणि तेव्हा कळतं.

बेडरूममध्ये त्यांच्या लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड ४८, अपलोड २.१. प्लॅन दोन्ही बाजूंनी १०० एमबीपीएसचा. इथे एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण तिच्यावरून फार गैरसमज होतात. प्लॅनमध्ये एमबीपीएस म्हणून लिहिलेले असतात ते सेकंदाला जाणारे मेगाबिट, आणि फाइलचा आकार असतो मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला १०० एमबी नाही, फार तर साडेबारा एमबी जातात. १ जीबीचा व्हिडिओ ९० च्या वेगाने दीड मिनिटात चढेल. २ च्या वेगाने तासाहून जास्त घेईल. एका चांगल्या व्हिडिओ कॉलला अपलोड लागतं ढोबळमानाने दोन-तीन एमबीपीएस. वहिनींची गाडी बरोबर त्याच काठावर अडखळत होती.

माझी चूक आधी कबूल करतो. फोन आल्या आल्या, घरातून निघायच्याही आधी, मी नेट देणाऱ्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावून तावातावाने तक्रार नोंदवली होती. पलीकडची मुलगी शांतपणे विचारत होती, "सर, केबल लावून चेक केलंय का?" मी म्हणालो, "अहो, केबलचा काय संबंध, तुमचं अपलोड येत नाहीये." तिचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता.

आधी रस्ता कुठे तुंबलाय ते बघा

तुमच्या लॅपटॉपमधून निघालेला शब्द दोन टप्प्यांत बाहेर जातो. पहिला टप्पा घरातला: लॅपटॉप ते राउटर, हवेतून. दुसरा घराबाहेरचा: राउटर ते कंपनी, फायबरमधून किंवा केबलमधून. स्पीड टेस्ट या दोन्हींची मिळून एकच बेरीज दाखवते आणि दोष कुठल्या टप्प्यात आहे ते सांगत नाही. म्हणजे ठाण्याहून वाशीला पोचायला दीड तास लागला एवढंच कळतं, गाडी कळव्याला अडकली की ऐरोलीला ते कळत नाही.

वेगळं करायचं कसं? राउटरच्या मागच्या पिवळ्या किंवा काळ्या लॅन पोर्टमधून एक केबल थेट लॅपटॉपला लावायची, लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं आणि टेस्ट पुन्हा घ्यायची. नव्या पातळ लॅपटॉपला लॅनचं भोकच नसतं, त्यांना यूएसबीचा छोटा अडॅप्टर लागतो. तो घरात एक असावाच. टेस्टच्या वेळी बाकीचे फोन, टीव्ही, कॅमेरे वायफायवरून काढून ठेवायचे, नाहीतर मोजणीला अर्थ नाही.

वहिनींकडे केबलवर आकडा आला: डाउनलोड ९४, अपलोड ९४. म्हणजे बाहेरचा रस्ता मोकळा होता. मी सकाळी ज्या मुलीवर चढलो होतो, तिच्या कंपनीचा यात काडीचा दोष नव्हता.

हा ९४ मात्र लक्षात ठेवा. प्लॅन २०० चा किंवा ३०० चा असताना केबलवर आकडा ९४-९५ च्या पुढे जातच नसेल, तर राउटरचं पोर्ट, अडॅप्टर किंवा केबल यांपैकी काहीतरी १०० वर अडकलंय. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोन पुरतात, १००० ला चारही लागतात. एखादी जोडी टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नसली, की दोन्ही उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. कुणी तक्रार करत नाही, दिवा हिरवाच असतो.

केबलवरही अपलोड कमी आलं तर दोष बाहेर. त्यातही आधी प्लॅन नीट वाचा. काही प्लॅन मुळातच एकांगी असतात, खाली भरपूर आणि वर चिमूटभर. घरात येणाऱ्या फायबरच्या बहुतेक लाइन ज्या जीपॉन पद्धतीवर चालतात, त्यात एका धाग्यावर खाली यायला सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जायला सुमारे १.२५ गिगाबिट असतात, तेही त्या धाग्यावरच्या बत्तीस-चौसष्ट घरांत वाटून. ५जी सिमवर चालणाऱ्या घरगुती राउटरचं गणित आणखी वेगळं. तिथे एकाच लहरीवर आळीपाळीने खाली आणि वर जातं आणि त्या वाटणीत खाली जाणाऱ्याला मोठा वाटा दिलेला असतो. तिथे डाउनलोड ३०० आणि अपलोड २० दिसलं तर तो बिघाड नाही, ती रचनाच आहे. आणि गंमत म्हणजे सरकारी व्याख्येतही अपलोडला जागा नाही. २०२३ पासून आपल्याकडे 'ब्रॉडबँड' म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो, पण तो डाउनलोडचा. वर किती जायला हवं याबद्दल त्यात अक्षर नाही.

मागच्या रांगेतले काका

आता घरातला टप्पा. इथे सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पण काड्या तर फुल दाखवतोय!"

सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. पुढे टेबलाशी सेक्रेटरी, हातात माइक, भिंतीला स्पीकर. मागच्या रांगेत पाणीगळतीची तक्रार घेऊन आलेले एक काका. काकांना सेक्रेटरींचं अक्षर न् अक्षर ऐकू येतंय, कारण तिकडे माइक आहे. काकांकडे माइक नाही. ते जे बोलतात ते पुढे पोचेपर्यंत पंख्याच्या आवाजात विरून जातं.

राउटर म्हणजे सेक्रेटरी, तुमचा फोन म्हणजे काका. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याचे अँटेना मोठे, त्याला जोरात बोलणं परवडतं. फोनला बॅटरी वाचवायची असते, त्याचा अँटेना मनगटाएवढ्या जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे तो राउटरच्या तुलनेत बहुतेकदा हळूच बोलतो. आणि फोनवरच्या त्या काड्या काय मोजतात? काकांना सेक्रेटरींचं किती स्पष्ट ऐकू येतंय, एवढंच. काकांचं पुढे किती पोचतंय, हे त्या काड्या सांगूच शकत नाहीत. काड्या फुल आणि अपलोड मेलेलं, यात विरोधाभास काही नाही.

सभेचा आणखी एक नियम वायफायला तंतोतंत लागू होतो. एका चॅनेलवर, म्हणजे राउटरने बोलायला निवडलेल्या लहरीच्या एका पट्टीवर, एका वेळी एकानेच बोलायचं. प्रत्येक उपकरण आधी कान देतं, शांतता असेल तर बोलतं, नाहीतर थोडा वेळ थांबून पुन्हा बघतं. आणि प्रत्येक वाक्याला समोरून 'पोचलं' अशी पावती यावी लागते. पावती आली नाही तर तेच वाक्य पुन्हा. तरीही नाही, तर आणखी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. काका जेव्हा "पा… णी… ग… ळ… तं…" असं बोलू लागतात, तेव्हा सगळ्या सभेचा वेळ जातो. म्हणूनच लांबच्या खोलीतला एक कमजोर फोन फोटो चढवायला लागला, की राउटरशेजारी बसलेल्या माणसाचंही नेट मंदावतं. वेग सगळ्यांत वाटलेला नसतो, वेळ वाटलेला असतो.

हा सावकाशपणा आकड्यात बघता येतो, आणि माझ्या मते स्पीड टेस्टपेक्षा हा आकडा जास्त कामाचा आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावाशेजारच्या गिअरवर टिचकी मारली की 'ट्रान्समिट लिंक स्पीड' आणि 'रिसीव्ह लिंक स्पीड' असे दोन आकडे दिसतात. मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की 'टीएक्स रेट' दिसतो. विंडोजमध्ये काळी कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडून नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, इंटरफेसेस हे चार शब्द इंग्रजीत, मध्ये जागा सोडून टाइप करायचे. खाली येणाऱ्या यादीत 'रिसीव्ह रेट' आणि 'ट्रान्समिट रेट' असतात. ट्रान्समिट म्हणजे काका किती वेगाने बोलू शकतायत. प्रत्यक्षात हाती साधारण याच्या निम्मं लागतं, कारण उरलेला वेळ कान देण्यात आणि पावत्यांमध्ये जातो.

वहिनींच्या लॅपटॉपवर रिसीव्ह होतं १०४. ट्रान्समिट ६.५.

मी तो आकडा दोनदा वाचला. साडेसहा म्हणजे त्या प्रकारच्या वायफायची सगळ्यात खालची पायरी. दोन्हीत थोडा फरक असतोच, पण एवढा? लॅपटॉप आणि राउटरमधली भिंत जाताना आणि येताना सारखीच आड येते. नुसत्या अंतराने किंवा भिंतीने दोन्ही दिशा बिघडायला हव्या होत्या. इथे एकच बिघडली होती. याचा अर्थ काकांचा आवाज बरा होता, सेक्रेटरींच्या कानाशीच कुणीतरी मिक्सर लावून बसलं होतं.

टीव्हीच्या मागे

हॉलमध्ये आलो. राउटर टीव्ही युनिटच्या मागच्या कप्प्यात होता, कारण तो दिसला की 'शो जातो'. त्याच्या एका बाजूला सेट टॉप बॉक्स, दुसऱ्या बाजूला स्पीकर, आणि राउटरच्या पाठीतल्या निळ्या यूएसबी भोकात दादाची पोर्टेबल हार्ड डिस्क. जुने सिनेमे टीव्हीवर बघायला म्हणून त्याने दिवाळीत जोडलेली. वितभर वायरने लटकून ती राउटरच्या अँटेनाला टेकली होती.

निळं भोक म्हणजे यूएसबी ३. त्यातून माहिती ५ गिगाबिटच्या वेगाने धावते आणि ती धावताना जी विद्युत खरखर बाहेर सांडते, तिचा पसारा नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, म्हणजे जुन्या वायफायच्या, ब्लूटूथच्या आणि वायरलेस माउसच्या पट्ट्यात. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. ही खरखर फारशी लांब जात नाही, फूट-दोन फुटांत विरते. त्यामुळे बेडरूममधल्या लॅपटॉपला तिचा पत्ताच नाही, त्याला राउटरचं छान ऐकू येतं. राउटरला मात्र कानाशीच ती खरखर, त्यात लांबच्या लॅपटॉपचा बारीक आवाज कुठून ऐकू येणार?

डिस्क काढली. दोन मिनिटांनी बेडरूममध्ये ट्रान्समिट ५८, अपलोड २४. डिस्क परत लावली: पुन्हा ६.५. पुन्हा काढली, पुन्हा वर. असं दोन-तीनदा करून बघितल्याशिवाय दोष सापडला म्हणायचं नाही, नाहीतर शेजाऱ्याने त्याच क्षणी टीव्ही बंद केलेला असतो आणि श्रेय आपण घेतो.

तुमच्याकडे डिस्क नसेल, पण राउटरच्या कानाशी दुसरं काहीतरी असेलच. लोखंडी कपाट, आरसा, फिशटँक, मायक्रोवेव्ह. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवरच अन्न तापवतो आणि चालू असेपर्यंत त्याची थोडी गळती त्या पट्ट्यात गोंधळ घालते. दुपारी बारा ते एक नेट जातं अशी तक्रार असेल तर आधी स्वयंपाकघरात डोकावा. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीला, घराच्या शक्य तितक्या मध्यावर ठेवा. फुकटचा आणि सगळ्यात गुणकारी उपाय हाच आहे. शोचं काय ते घरात मिटवा, मी त्यात पडत नाही.

भिंतींबद्दल दोन शब्द ठाणेकरांसाठी खास. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी मायव्हन पद्धतीचं बांधकाम असतं. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून आतल्या भिंतीसुद्धा सळईसकट काँक्रीटच्या ओतलेल्या. खिळा ठोकायला गेलात तर खिळा वाकतो, तीच ही भिंत. वायफायला ती विटेच्या भिंतीहून कितीतरी जड जाते. नेरूळ-सानपाड्याच्या जुन्या सिडको वसाहतींतल्या विटांच्या घरात जो राउटर चारही खोल्यांना पुरतो, तोच इथे एका बेडरूमला पुरत नाही. नेटवाल्याचा दोष नाही, बिल्डरचाही नाही.

शेजाऱ्यांचा गलका

डिस्क काढूनही अपलोड २४ वरच का थांबलं, हा पुढचा प्रश्न. फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप उघडलं तर वहिनींच्या बेडरूममधून एकतीस राउटर दिसत होते. वरचे, खालचे, समोरच्या विंगचे.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यात चॅनेल १ ते १३ दिसतात, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि वायफायला एका वेळी वीसची जागा लागते. म्हणजे शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांच्या अंगावर पडतात. एकमेकांना धक्का न लागता बसतील असे तीनच: १, ६ आणि ११. एकतीस राउटर, तीन बाकडी. यात पुष्कळ जण हुशारी करतात आणि "१ वर गर्दी, ६ वर गर्दी, मग मी ३ वर जातो" म्हणतात. हे सगळ्यात वाईट. १ वरच्यांशी निदान तुमची रांग लागते, ते बोलत असताना तुम्ही थांबता आणि तुम्ही बोलताना ते थांबतात. ३ वर बसलात की दोन्हीकडचा गोंगाट अंगावर येतो आणि रांगही नीट लागत नाही. तीनपैकी ज्यावर कमी जोराचे शेजारी आहेत तो घ्या आणि चॅनेलची रुंदी २० वर ठेवा. ४० केलीत तर पट्ट्याचा अर्धा भाग तुम्हीच व्यापता, आणि त्यावरचे सगळे शेजारी तुमच्या रांगेत येतात.

गर्दीचा तडाखा अपलोडलाच जास्त बसतो, त्यालाही कारण आहे. तुमच्या बेडरूममधल्या लॅपटॉपला समोरच्या विंगमधला राउटर ऐकूच येत नाही. त्याला वाटतं शांतता आहे, तो बोलायला लागतो. हॉलमधल्या तुमच्या राउटरला मात्र दोघेही ऐकू येतात, एकाच वेळी, आणि काहीच कळत नाही. सभेत दोन टोकांचे दोन जण एकमेकांना न ऐकता एकदम बोलतात, तसंच.

म्हणून जमेल तेव्हा ५ गिगाहर्ट्झवर जा. त्यातला बराच मोठा पट्टा २०१८ मध्ये मोकळा झाला, जागा कितीतरी जास्त आहे, आणि भिंतीपलीकडे तो फारसा जात नाही हा त्याचा दुर्गुण टॉवरमध्ये गुणच ठरतो, कारण शेजाऱ्यांचाही तुमच्यापर्यंत येत नाही. अनेक राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि लॅपटॉप कधी कुठल्या पट्ट्यावर जाईल ते त्याच्या मर्जीवर. राउटरच्या पानावर जाऊन दोन वेगळी नावं द्या, मग आपण कुठे आहोत ते कळतं. वहिनींच्या हॉलमध्ये ५ वर अपलोड ९० आलं. बेडरूममध्ये, त्या काँक्रीटपलीकडे, ३८. तेवढं क्लासला पुरून उरतं.

रिपीटरबद्दल सगळे विचारतात. साधा रिपीटर एकच रेडिओ वापरून ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. वर लोक तो लावतात नेमका जिथे रेंज नाही तिथे. त्यालाच ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? लावायचाच तर अर्ध्या वाटेवर. त्याहून बरं म्हणजे भिंतीच्या तळाशी एक लॅन केबल बेडरूमपर्यंत नेऊन तिथे दुसरा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलवरून आलेलं नेट तिथे वायफायने देणारा म्हणून, लावणं. मला विचाराल तर घरातली हजार-दीड हजार रुपयांची केबल खोलीखोलीत एकेक डबी ठेवायच्या दहा हजारांच्या चकचकीत जाळीदार (मेश) संचाला भारी पडते. नवा वायफाय ६ चा राउटर घेऊ का, असंही दादाने विचारलं. त्यात अनेक उपकरणांना एकाच वेळी वर बोलू देण्याची सोय पहिल्यांदा आली हे खरं, वायफाय ५ मधली अनेकांशी एकदम बोलण्याची सोय फक्त खाली येणाऱ्यांसाठी होती. पण समोरचे लॅपटॉप-फोनही वायफाय ६ चे हवेत. वहिनींचा लॅपटॉप नाही. थांब म्हटलं.

घरात बसून कोण खातंय

एवढं झाल्यावर संध्याकाळी पुन्हा फोन. "आता बरं आहे, पण साडेसातला पाच-दहा मिनिटं परत तसंच झालं."

साडेसातला दादा घरी येतो. त्याचा फोन वायफायला लागतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ पाठोपाठ क्लाउडवर चढायला लागतात. पुतण्याचा फोनही तेच करतो. दारातला कॅमेरा चोवीस तास थोडं थोडं वर पाठवतच असतो. कुणीही जाणूनबुजून काही करत नाही, पण अपलोड भरतं.

अपलोड भरलं की आणखी एक चमत्कारिक गोष्ट होते: डाउनलोडही मरतं. कारण खाली येणाऱ्या प्रत्येक घासाची पावती वर जावी लागते. राउटरच्या आत बाहेर जाणाऱ्यांसाठी एक रांग असते, आणि पुष्कळ राउटरमध्ये ती भलतीच लांब ठेवलेली असते. नेटवर सगळं लहान तुकड्यांच्या पाकिटांतून जातं; फोटोंची पाकिटं तिच्यात येऊन बसतात, आणि तुमची पावती, तुमचा आवाज, सगळं त्यांच्या मागे. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या रोगाला 'बफरब्लोट' असं नाव दिलं, फुगलेली रांग. ओळखायचं सोपं आहे. स्पीड टेस्टमध्ये अपलोड चालू असताना पिंगचा, म्हणजे हाक जाऊन ओ परत यायला लागणाऱ्या वेळेचा, आकडा बघा. एरवी १० मिलिसेकंद असणारा पिंग त्या वेळी ३००-४०० वर गेला, तर रांग फुगलीय.

उपाय विचित्र वाटेल असा आहे: वेग जरा कमी करायचा. राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' नावाची सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधायची. मग रांग लागते ती राउटरच्या ताब्यात, आणि तो आवाजाच्या लहान पाकिटांना पुढे सोडू शकतो. वहिनींच्या राउटरमध्ये ही सोय नव्हती. मग दादाच्या आणि पुतण्याच्या फोनमध्ये बॅकअप 'फक्त चार्जिंगला असताना' असं करून टाकलं. आता फोटो रात्री चढतात, सगळे झोपल्यावर.

हार्ड डिस्कचा प्रश्न उरला. दादा ती सोडायला तयार नव्हता. शेवटी मीटरभर लांबीची जाड, चांगली आवरण असलेली यूएसबी वायर आणली, डिस्क टीव्ही युनिटच्या दुसऱ्या टोकाला नेली, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये ते भोक यूएसबी २ वर चालवलं. सिनेमे बघायला तेवढं पुरतं. राउटर मात्र अजून टीव्हीच्या मागेच आहे, फक्त कप्प्यातून वर, टीव्हीच्या डोक्याशी आलाय. एवढीच तडजोड मंजूर झाली.

सोमवारी सकाळी बेल वाजली. मी रविवारी नोंदवलेल्या तक्रारीवरून कंपनीचा मुलगा हजर, पाठीला सॅक, हातात फायबरची पॉवर मोजायचं मीटर. मी सुट्टी टाकून तिथेच होतो. त्याला सगळं सांगितलं, डिस्कचा किस्साही. तो हसला, म्हणाला, "सर, मी टीव्हीच्या मागे हात घालतो तेव्हा काय काय निघतं विचारू नका. एकदा राउटरवर तांब्या ठेवलेला होता, पाण्याचा." मग मोबाइल काढून म्हणाला, "मॅडम, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा. कंप्लेंट क्लोज करतो."